सबब आणि जबाबदारी



आजच्या विषयाची जाहिरात वाचून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. संगणकशास्त्राचे विद्यार्थी आणि त्यांची नैतिक जबाबदारी हा विषय एखाद्या प्राध्यापकाने मांडावा, फार तर एखाद्या वकिलाने. कारखान्यांच्या दारांत सभा घेण्यात ज्याचे आयुष्य गेले अशा माणसाने त्यात का पडावे? उत्तर सरळ आहे. ज्या कामगारांच्या संघटना आम्ही बांधल्या, त्यांची मुले आणि मुली आज संगणक शिकत आहेत. बापाने लेथवर उभे राहून फी भरली आणि मुलगी प्रोग्रॅम लिहू लागली, अशी घरे या गावात एक-दोन नाहीत. शिवाय यंत्र, ते चालवणारा हात आणि त्या यंत्राखाली सापडणारा माणूस, या तिघांचा संबंध हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे. आम्ही महाविद्यालयाची पायरी चढलो नाही. जे थोडेफार वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. संगणकाच्या पोटात काय चालते ते शिकवण्याचा आमचा अधिकार नाही. त्याच्या बाहेर माणसांचे काय होते, तेवढे मात्र इतिहासाच्या आधाराने सांगता येईल.

ज्यांनी पत्रा कापणारी पॉवर प्रेस पाहिली आहे, त्यांना तिची दोन बटणे ठाऊक असतील. दोन्ही बटणे दोन हातांनी एकदम दाबल्याशिवाय वरचा ठोकळा खाली येत नाही. एका बटणानेही यंत्र चालू शकले असते. मग दुसरे कशासाठी? कामगाराचा एक हात मोकळा राहिला की तो पत्रा सरळ करायला आत जातो आणि बोटे जातात, म्हणून. ते दुसरे बटण कोणाच्या तरी बोटांची किंमत देऊन आलेले आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने फिरत्या यंत्रांभोवती कुंपण घालण्याची सक्ती केली, तीही अशाच अनुभवातून. परंतु प्रेसची एक गोष्ट लक्षात घ्या. तिथे बटण दाबणारा हात आणि तुटणारे बोट बहुधा एकाच माणसाचे असते. म्हणून भीती जागी राहते, आणि भीतीतून शिस्त येते. संगणकाची गोष्ट निराळी आहे. तिथे बटण दाबणारा हात एका गावात आणि दुखापत होणारा माणूस हजारो कोसांवर. दाबणाऱ्याला किंकाळी ऐकू येत नाही. जे ऐकू येत नाही त्याचा हिशेब कसा ठेवायचा, हाच या विद्येच्या नीतीचा सारा प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते.

आता इतिहासाकडे वळू. गेल्या चाळीस वर्षांतील चार घटना आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत. पहिल्या तीन विद्यापीठांच्या आवारातल्या आहेत, चौथी नोकरीतली. प्रत्येकीत एक सबब आहे, आणि प्रत्येक सबब ऐकताक्षणी पटण्यासारखी आहे.

पहिली घटना २ नोव्हेंबर १९८८ ची. इंटरनेटचे जाळे तेव्हा लहान होते. अमेरिकेतील विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि लष्कराच्या प्रयोगशाळा त्यावर होत्या, आणि त्याला जोडलेल्या यंत्रांची संख्या सुमारे ६०,००० असावी असा त्या वेळचा अंदाज होता. कॉर्नेल विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने एक प्रोग्रॅम लिहिला. एका यंत्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात त्याने आपण होऊन सरकत जावे, अशी त्याची रचना होती. अशा प्रोग्रॅमला त्या शास्त्रात ‘किडा’ म्हणतात. मॉरिसने तो कॉर्नेलमधून न सोडता मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजे एमआयटीच्या, यंत्रावरून सोडला. माग लागू नये हा हेतू.

किडा आत कसा शिरत होता? पत्रे पोचवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्तीसाठी ठेवलेले एक दार उघडे राहिले होते, ते एक. यंत्रावर कोण काम करीत आहे याची माहिती देणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमला त्याच्या जागेत मावणार नाही एवढा लांब मजकूर दिला, की तो मजकूर ओसंडून आज्ञांच्या जागी जाऊन बसे, हे दुसरे. ओळखीच्या यंत्राला न विचारता आत घेण्याची जी प्रथा होती, तिचा फायदा हे तिसरे. आणि चौथे म्हणजे परवलीच्या शब्दांचा अंदाज. माणसे परवलीचा शब्द म्हणून स्वतःचे नाव किंवा एखादा सोपा शब्द ठेवतात. किड्याजवळ अशा ४३२ शब्दांची यादी होती, ती तो एकामागून एक लावून पाही. योगायोग असा की, लोक सोपे परवलीचे शब्द निवडतात आणि त्यामुळे धोका होतो, हे १९७९ मध्ये केन थॉम्प्सन यांच्यासह शोधनिबंध लिहून सांगणारे रॉबर्ट मॉरिस हे या मुलाचे वडील. १९८८ मध्ये ते अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत संगणकांच्या सुरक्षिततेचेच काम पाहत होते.

मॉरिसचा बेत यंत्रे बंद पाडण्याचा नव्हता. किड्याने गुपचूप पसरावे, कोणाच्या कामात येऊ नये, अशी त्याची कल्पना होती. म्हणून नव्या यंत्राशी पोचल्यावर किडा आधी विचारी, ‘माझा भाऊ इथे आधीच आहे काय?’ ‘आहे’ असे उत्तर आले की मागे फिरावे. परंतु मॉरिसच्या मनात शंका आली, की यंत्राची राखण करणारे लोक हुशार असतात. ते यंत्राला खोटेच ‘आहे’ म्हणायला शिकवतील. तेव्हा त्याने अशी तजवीज केली की सात वेळा ‘आहे’ असे उत्तर मिळाले तर सातव्या वेळी ते न जुमानता आत शिरावे. एकच प्रश्न एका यंत्राला किती वेळा विचारला जाईल, याचा त्याचा अंदाज साफ चुकला. त्याला वाटले थोड्या वेळा. प्रत्यक्षात तो अखंड विचारला जाऊ लागला. एकेका यंत्रात किड्याच्या पुष्कळ प्रती साचल्या आणि यंत्रे दुसऱ्या कशालाच मोकळी राहिनात. सुमारे ६,००० यंत्रे बाधित झाली असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. बर्कले, एमआयटी, पर्ड्यू अशा ठिकाणची माणसे रात्रभर जागून किड्याची चिरफाड करीत बसली. कोणाचाही मजकूर पुसला गेला नव्हता; पण हे त्या रात्री त्यांना कसे कळावे?

प्रकरण हाताबाहेर गेल्याचे मॉरिसला लवकरच कळले. त्याने हार्वर्डमधील मित्राशी बोलून, किडा कसा मारावा याची सूचना निनावी पाठवण्याची व्यवस्था केली. ती सूचना वेळेवर पोचली नाही. कारण काय? जाळे किड्यानेच तुंबवून टाकले होते. ज्या रस्त्याने औषध जायचे तोच रस्ता रोगाने बंद केला होता.

पुढे खटला चालला. १९८६ च्या अमेरिकन संगणक गैरवापर कायद्याखाली जानेवारी १९९० मध्ये ज्यूरीने मॉरिसला दोषी ठरवले. मे महिन्यात शिक्षा झाली: तीन वर्षे देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड. अपील झाले. नुकसान करण्याचा हेतू नव्हता, हा बचाव होता. १९९१ मध्ये अपील-न्यायालयाने तो फेटाळला. परवानगीवाचून आत शिरण्याचा हेतू होता ना, मग नुकसानीचा हेतू वेगळा सिद्ध करण्याची गरज नाही, असा त्या निकालाचा अर्थ. एकेका ठिकाणी किड्याच्या निस्तरणीला २०० डॉलरपासून ५३,००० डॉलरांहूनही अधिक खर्च आला, अशी नोंद त्याच निकालात आहे. कॉर्नेलने नेमलेल्या चौकशी समितीने १९८९ मध्ये अहवाल दिला. मॉरिसने हे एकट्याने केले, नाश करण्याचा त्याचा बेत दिसत नाही, तथापि संभाव्य परिणामांची त्याने पर्वा केली नाही, असे तिचे म्हणणे होते. यंत्रांतील उणिवा उघड करणारा वीर म्हणून त्याच्याकडे पाहण्यास समितीने स्पष्ट नकार दिला.

ही पहिली सबब: ‘माझा हेतू वाईट नव्हता.’ आम्ही ती खोटी म्हणत नाही. पण दिशा बघा. मॉरिसने यंत्राच्या राखणदाराचा विचार अगदी बारकाईने केला. तो खोटे बोलेल येथपर्यंत केला. मात्र तो विचार प्रतिस्पर्ध्याचा होता. तोच राखणदार पहाटे तीन वाजता डोके धरून बसेल, याचा विचार झाला नाही. बुद्धी कमी पडली असे कोण म्हणेल? पलीकडच्या माणसाला मोजायचे राहून गेले. किड्याच्या चार वर्षे आधी, १९८४ मध्ये छापल्या गेलेल्या आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात थॉम्प्सन यांनी बजावले होते, की दुसऱ्याच्या संगणकात घुसणे हे शेजाऱ्याच्या घरात घुसण्याइतकेच लाजिरवाणे मानले गेले पाहिजे, मग शेजाऱ्याचे दार उघडे का असेना. शास्त्रातल्या थोरांनी सांगितले नव्हते असे नाही. ते वर्गात पोचले नव्हते. किड्यानंतर मात्र हालचाल झाली. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा संकटांशी सामना करणारे पहिले केंद्र निघाले, आणि जानेवारी १९८९ मध्ये इंटरनेटच्या चालकमंडळींनी जाळ्यावरील नीतीचे एक निवेदन प्रसिद्ध केले.

दुसरी घटना बारा वर्षांनंतरची, आणि ती अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठातली नाही. फिलिपिन्समधील मनिलाची आहे. तेथील एएमए कॉम्प्युटर कॉलेजात ओनेल द गुझमान नावाचा विद्यार्थी शिकत होता. पदवीसाठी त्याने जो प्रबंधाचा विषय सुचवला तो असा: दुसऱ्याचे परवलीचे शब्द मिळवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ज्यांना इंटरनेटचे पैसे परवडत नाहीत त्यांना ते फुकट वापरता येईल. महाविद्यालयाने तो विषय नाकारला. हे चोरीचे काम आहे असे शिक्षकांनी त्याला सुनावले. ४ मे २००० रोजी जगभरच्या ई-मेलमध्ये एक प्रेमपत्र येऊ लागले. उघडले की ते यंत्रातील चित्रे व इतर मजकूर बिघडवी, परवलीचे शब्द मिळवण्याची खटपट करी आणि मालकाच्या पत्त्यांच्या वहीतील प्रत्येकाला स्वतःची प्रत धाडी. काही दिवसांत कोट्यवधी यंत्रांना त्याची बाधा झाली. ब्रिटिश पार्लमेंटला आपली ई-मेल बंद ठेवावी लागली. द गुझमानवर संशय आला. परंतु फिलिपिन्समध्ये अशा कृत्याविरुद्ध कायदाच नव्हता. जून २००० मध्ये कायदा झाला, तो मागील कृत्यांना लागू होऊ शकत नव्हता. ऑगस्टमध्ये आरोप मागे घेतले गेले. पुढे वीस वर्षांनी, २०२० मध्ये, एका ब्रिटिश पत्रकाराने त्याची कबुली प्रसिद्ध केली. तेव्हा तो मनिलाच्या एका बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यावर काम करीत होता.

ही दुसरी सबब: ‘आम्ही गरीब, जे श्रीमंतांना मिळते ते आम्हांला का मिळू नये?’ आमच्यासारख्याला ही सबब झोडपणे सोपे नाही. तक्रार खरी होती. ज्ञानाच्या दाराशी पैसे मोजणारा माणूस बसवला की गरिबाचे पोर बाहेर राहते, हे आम्ही आयुष्यभर सांगत आलो. पण उपाय पाहा. ज्याचा परवलीचा शब्द चोरायचा तो कोण? मनिलातलाच एखादा कारकून, दुकानदार, शिक्षक, ज्याने पोटाला चिमटा घेऊन महिन्याचे पैसे भरले होते. आणि पसरले तेव्हा तर ते प्रेमपत्र गरीब-श्रीमंत काही विचारत नव्हते. कामगार चळवळीत एक जुना नियम आहे: संपाच्या काळात मालकावर राग आहे म्हणून शेजारच्या बदली कामगाराची सायकल फोडायची नसते. तक्रार खरी असल्याने मार्ग आपोआप खरा होत नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. मॉरिसला शिक्षा झाली, ती त्याने भोगली, नंतर हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली आणि एमआयटीत प्राध्यापकपद भूषवले. द गुझमानला शिक्षा झालीच नाही, आणि त्याचे शिक्षण व नाव दोन्ही तिथेच थांबले. रीतसर चौकशी, रीतसर शिक्षा आणि त्यानंतर परत येण्याची वाट, ही पहिल्याला मिळाली. दुसऱ्याला यांतले काहीच मिळाले नाही. चुकलेल्या विद्यार्थ्याला परतीची वाट ठेवणे हीदेखील समाजाची जबाबदारी आहे, आणि ती वाट बापाच्या पदावर व देशाच्या श्रीमंतीवर अवलंबून असू नये.

तिसरी घटना अगदी अलीकडची, २०२०-२१ ची. लिनक्स नावाची एक संगणकप्रणाली आहे. आपल्या खिशातील बहुतेक मोबाइल तिच्याच गाभ्यावर चालतात. हा गाभा जगभरचे हजारो लोक मिळून लिहितात; कोणी दुरुस्ती पाठवतो, दुसरा ती तपासतो आणि योग्य वाटली तर घेतो. सारा कारभार विश्वासावर. मिनेसोटा विद्यापीठातील एक संशोधक विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक यांनी ठरवले, की या तपासणीत खोट कुठे राहते ते पाहायचे. त्यांनी खोट्या नावांनी काही दुरुस्त्या पाठवल्या. त्यांत जाणूनबुजून दोष ठेवलेले होते. दोष प्रत्यक्ष गाभ्यात जाण्यापूर्वी आम्ही थांबवले, असे त्यांचे म्हणणे. विद्यापीठात माणसांवरील प्रयोगांना परवानगी देणारी समिती असते. हे माणसांवरील संशोधन नव्हे, असा तिचा निर्वाळा मिळाला. एप्रिल २०२१ मध्ये लिनक्सच्या गाभ्याचे एक प्रमुख राखणदार ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे काम घेण्याचेच नाकारले. काही दिवसांत संशोधकांनी माफी मागितली आणि एका मोठ्या परिषदेत स्वीकारला गेलेला आपला निबंध मागे घेतला.

तिसरी सबब कागदावर शिक्का असलेली आहे: ‘वरिष्ठांची संमती होती.’ समितीने नियम पाहिला आणि म्हटले, इथे माणूस नाही, प्रोग्रॅम आहे. पण ती दुरुस्ती वाचायला बसलेले माणसेच ना? कित्येकजण आपल्या फुरसतीच्या वेळात तपासणी करतात; त्यांचा वेळ गेला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अनोळखी माणसावर ठेवलेला विश्वास गेला. पुढच्या वेळी त्याच विद्यापीठातील एखाद्या प्रामाणिक मुलीने दुरुस्ती पाठवली, तर तिच्याकडे संशयानेच पाहिले जाणार. शिक्का हा जबाबदारीचा आरंभ असतो. कारखान्यात बॉयलर-इन्स्पेक्टरचा दाखला भिंतीवर लावलेला असतो, म्हणून फायरमन दाबाच्या काट्याकडे पाहायचे सोडतो काय?

येथपर्यंत विद्यार्थी होते. परंतु विद्यार्थी चार वर्षांचा. नोकर चाळीस वर्षांचा. म्हणून चौथी घटना नोकरीतली घेतो. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने जाहीर केले, की फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांत एक लबाडी आहे. गाडीची सरकारी चाचणी चालू आहे, हे गाडीतला प्रोग्रॅम ओळखत असे आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवी. रस्त्यावर आली की पुन्हा पूर्ववत. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत असा प्रोग्रॅम होता, हे कंपनीने मान्य केले. त्या कामातले एक इंजिनिअर जेम्स लिआंग यांनी गुन्हा कबूल केला. मुख्य सूत्रधार ते नव्हेत, मालकावरील आंधळ्या निष्ठेपायी हे झाले, अशा अर्थाचे म्हणणे त्यांच्या वकिलाने मांडले. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायाधीशांनी त्यांना ४० महिन्यांची कैद आणि २ लाख डॉलर दंड ठोठावला. सरकारी पक्षाने सुचवलेल्या तीन वर्षांहूनही ही कैद अधिक होती.

चौथी सबब सर्वांत जुनी: ‘हुकूम वरून आला.’ पण या प्रकरणाची दुसरी बाजू आपण विसरू नये. लबाडी उघडकीस येण्याचा आरंभ कोठून झाला? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील काही संशोधक आणि विद्यार्थी यांनी २०१३ मध्ये गाड्यांच्या मागे मोजणीची उपकरणे बांधून त्या कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर चालवल्या. एका गाडीतून नायट्रोजनची घातक संयुगे ठरलेल्या मर्यादेच्या १५ ते ३५ पट बाहेर पडताना आढळली. कंपनीला पकडावे हा त्यांचा हेतू नव्हता. आकडा विचित्र आला तेव्हा त्यांनी उपकरणे पुन्हा तपासली, आणि बरोबर निघाली तेव्हा आकडा होता तसा २०१४ मध्ये छापला. विद्यार्थ्याची जबाबदारी म्हणजे याहून फार मोठे काही असते असे आम्हांस वाटत नाही. जे मोजले ते सांगितले.

आता कोणी म्हणेल, ही सारी परदेशातली मोठी प्रकरणे. आपल्या गावच्या मुलाला असले प्रसंग कुठून येणार? म्हणून आमच्या कचेरीत आलेल्या एका मुलाची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. मुलगा कामगाराचा, नवा इंजिनिअर. एका कारखान्याच्या हजेरीयंत्राचा प्रोग्रॅम लिहिण्याचे काम त्याच्याकडे आले. सूचना अशी, की कामगार सुटीनंतर जितकी मिनिटे जास्त थांबेल ती मागच्या पाव तासाला तोडायची. आणि एक मिनिट उशिरा आला तर पुढचा पाव तास कापायचा. मुलाने हिशेब मांडून आणला होता. माणशी दिवसाला ९ मिनिटे बुडतात असे धरले, तर २०० कामगारांची २६ दिवसांत ४६,८०० मिनिटे, म्हणजे ७८० तास होतात. ९ मिनिटांसाठी कोणी भांडत नाही. ७८० तास कोणाच्या नजरेला पडत नाहीत, कारण ते कोणा एकाच्या खिशातून जात नाहीत. तो म्हणाला, “काका, मी नाही लिहिला तर दुसरा कोणी लिहील. मग मी कशाला नोकरी घालवू?”

हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला नाही. ‘राजीनामा फेक’ असे सांगणे सोपे असते; चूल त्याच्या घरची विझते, सांगणाऱ्याच्या नाही. आम्ही त्याला संघटनेतली एक जुनी युक्ती सांगितली: लेखी विचार. ही वजाबाकी कोणत्या नियमाने करायची आणि त्याची जबाबदारी कोणाची, एवढेच वरिष्ठांना पत्राने विचार. आणि विचारताना एकटा राहू नकोस, बरोबरच्या दोघांची नावे घाल. तिघांच्या सहीचे पत्र गेले. लेखी उत्तर द्यायला कोणी पुढे आले नाही. पुढे पाव तासाची पाच मिनिटे झाली. पाच मिनिटांचा अन्याय अजून राहिलाच, आणि त्या वर्षीची पगारवाढ त्या तिघांना इतरांपेक्षा कमी मिळाली. पूर्ण विजय झाला असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ७८० तासांतले पुष्कळ तास माणसांच्या घरी परत गेले, आणि तिघेही नोकरीवर राहिले.

यातून आमचे मुख्य म्हणणे निघते. जबाबदारी वैयक्तिक असते, हे खरे. न्यायालय एकेकट्याला उभे करते. पण ‘नाही’ म्हणण्याचे बळ बहुतेक वेळा एकट्यात नसते. हे फार पूर्वी एका मोठ्या गणितज्ञाच्या ध्यानात आले होते. एमआयटीचे प्राध्यापक नॉर्बर्ट वीनर यांनी १३ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेतील मोटार कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष वॉल्टर रॉयथर यांना पत्र लिहिले. एका मोठ्या कंपनीने आपल्याला स्वयंचलित यंत्रांबाबत सल्ला मागितला आहे. या यंत्रांनी कामगारांवाचून कारखाने चालू लागतील. त्या अनर्थाचे भागीदार आपण होऊ इच्छीत नाही, तेव्हा संघटनेने यात आताच लक्ष घालावे, असा त्याचा आशय. हेच वीनर पुढे १९५५-५६ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन राहिले होते. आणि त्याच कलकत्त्यात १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध मोठा लढा दिला. त्या लढ्याचे मूल्यमापन कोणी कसेही करो. वीनरांच्या पत्रातली एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. ज्याच्यावर यंत्र चालणार त्याला, यंत्र करणाऱ्याने, यंत्र करण्यापूर्वी पत्र लिहिले.

अलीकडचे उदाहरणही आहे. २०१८ मध्ये गूगल कंपनीच्या तीन हजारांहून अधिक नोकरांनी, अमेरिकन लष्कराच्या ड्रोन विमानांची छायाचित्रे ओळखण्याच्या कामात कंपनीने पडू नये, असे सह्यांचे पत्र दिले. कंपनीने ते कंत्राट पुढे चालू ठेवायचे नाही असे ठरवले आणि शस्त्रांविषयी काही बंधने जाहीर केली. ती बंधने २०२५ मध्ये कंपनीने काढून टाकली. यात आम्हांला आश्चर्य वाटले नाही. सह्यांचे पत्र एका दिवसाचे असते. मिळवलेली गोष्ट राखायला रोज जागी असणारी संघटना लागते. हे गिरणी कामगार दोन पिढ्यांपूर्वी शिकला. संगणकावर काम करणारा आता शिकत आहे.

म्हणून महाविद्यालयांना आमची विनंती आहे, की नीतीचा तास वेळापत्रकाच्या शेवटी, सगळे घरी जायच्या घाईत असताना घेऊ नये. तो प्रोग्रॅम लिहिण्याच्या तासातच घ्यावा. विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्रॅम चालतो की नाही, हे पाहताना दोन प्रश्न आणखी विचारावेत: हा चुकला तर कोणाला कळेल, आणि तो चुकला आहे असे ज्याला कळेल त्याला थांबवण्याचे बटण कुठे आहे? मॉरिसच्या किड्याला असे बटण नव्हते. पॉवर प्रेसला असते.

आणि आपणां नागरिकांनाही एक विनंती. मुलाला नोकरी लागली की आपण पहिले विचारतो, पॅकेज किती? अवश्य विचारा, कर्ज फेडायचे असते, घर चालवायचे असते. पण जेवताना एकदा हेही विचारा, की तू दिवसभर जे लिहितोस, तू दिवसभर जे लिहितेस, त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलेला असतो? उत्तर लगेच येणार नाही. आपल्या प्रोग्रॅमच्या पलीकडे कोण आहे हे पुष्कळांना कधी कोणी सांगितलेलेच नसते. पण दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन तो किंवा ती ते शोधू लागली, तरी आजच्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.